दोन कॅन गाय, एक कॅन म्हैस

मार्चच्या दहावीच्या परीक्षेत गंगासागरनं तो प्रश्न सोडवला नव्हता. सोपा का अवघड हे तिनं पाहिलंच नाही. ‘एका गवळ्याकडे चाळीस लिटर दूध आहे, त्यात आणखी किती पाणी मिसळावे म्हणजे...’ इथवर वाचलं, पदर सावरला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहून टाकलं: ‘दुधात पाणी मिसळू नये.’

निकाल लागला तेव्हा मराठीत, इतिहासात, भूगोलात सगळीकडे ती पास होती. गणितात तेवढी गचकली.

शाळेच्या नीलाबाईंनी विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. नीलाबाई आधी डोळे वटारून बघत राहिल्या आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली.

“अगं, गणितातला गवळी खरा नसतो!”

“नसंना. पण लिहिणारा हात तर माझाच हाय न्हवं बाई? मी नंदीवर हात ठेवून शपथ घेतलीय.”

आता ही शपथ काय, ते सांगायला हवं.

बेलवाडी हे मांजरसुंब्यापासून आत, माळावरचं गाव. तिथं आधी पुरुषांची दूध संस्था होती. ती पाण्यानं बुडाली. पुरानं नव्हे, कॅनमधल्या पाण्यानं. घरटी तांब्या-तांब्या करत गावानं इतकं पाणी घातलं, की शेवटी चिलिंगवाल्यांनी बेलवाडीचं नाव काढलं तरी लोक हसायचे. दूध थंड करायचं सरकारी केंद्र हमरस्त्यावर होतं, त्याला सगळे चिलिंगच म्हणायचे. मग चंद्रभागाबाईंनी बायकांची संस्था काढली. चंद्रभागाबाई म्हणजे उंच, सावळ्या, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला बैल मान वर करायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना महादेवाच्या देवळात नेलं आणि एकेकीला नंदीच्या पाठीवर हात ठेवायला लावून म्हणवून घेतलं: दुधात मी कायबी मिसळणार न्हाई.

तेव्हापासून बेलवाडीच्या दुधाकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. गंगासागर त्या संस्थेची सेक्रेटरी. सिरसाळ्याची लेक, लग्नाआधी नववीपर्यंत शिकलेली. गावात एवढी शिकलेली सून दुसरी नव्हती. सकाळी प्रत्येकीच्या दुधाचा नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत औषध घालून हातानं फिरवायच्या यंत्रात ठेवायचा, आणि दुधात लोणी किती ते वाचायचं. त्याला सगळ्या ‘फॅट’ म्हणायच्या. “माझी फॅट किती आली गं?” हे बेलवाडीत रामराम म्हणावं तसं होऊन बसलं होतं.

आणि तो शहाऐंशी सालचा दुष्काळ. आषाढ कोरडा गेला, श्रावणही कोरडाच. पालीच्या बिंदुसरा धरणात ढेकळं पडली. विहिरींचे तळ पोरांना ओळखीचे झाले. गावात टँकर येई तेव्हा बायका घागरींची रांग लावून भांडत, आणि टँकर गेला की तिथंच बसून एकमेकींची डोकी बघत. कडबा संपला होता. जनावरांना नुसती पेंड आणि लांबून आलेलं उसाचं वाढं. त्यात या गाई सरकारी योजनेतल्या, जर्सी का फिर्सी. दूध भरपूर, पण खाण्यात जरा हेळसांड झाली की लोणी उतरलंच. भाद्रपद लागता लागता गाईची फॅट साडेतीनाच्या खाली आली. तीन पॉइंट तीनवर आली आणि तिथंच बसली.

चिलिंगला गाईचं दूध साडेतीनाच्या खाली घेत नसत. कॅन परत येऊ लागले.

पहिल्यांदा परत आले तेव्हा चंद्रभागाबाई स्वतः दुधाच्या गाडीत बसून चिलिंगला गेल्या. तिथं सुपरवायझर रामकिसन. बारीक चणीचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा, पण माणूस सरळ.

“बाई, काही मिसळलं तर नाही ना?” त्यानं विचारायचं म्हणून विचारलं.

“काय मिसळू साहेब? पाणी?” चंद्रभागाबाईंचा आवाज चढला. “आमाला प्यायला पाणी न्हाई, दुधात कुठलं घालू? पाणी असतं तर आधी अंघोळ केली असती!”

रांगेतले दूधवाले खो खो हसले. रामकिसनही हसला. त्यानं दुधात काचेचा काटा सोडून दाखवला. “पाणी नाहीच. काटाच सांगतो. पण लोणी कमी आहे, आणि नियम तो नियम. तुमच्या म्हशीचं दूध चांगलं आहे, ते मी घेतो. पण बाई, एका कॅनसाठी गाडी आत माळावर नाही येणार. वरून सांगणं आलंय, तीन कॅनांच्या खाली दूध असेल त्या गावाची गाडी बंद. महिनाअखेरपर्यंत बघा.”

म्हशीचं दूध चाळीस लिटर, बरोबर एक कॅन. गाईचं ऐंशी, दोन कॅन. हे दोन कॅन पास झाले तर गाडी येणार, नाहीतर नाही. आणि गाडी बंद म्हणजे काय, हे बेलवाडीत कुणाला फोडून सांगावं लागत नव्हतं. संस्था निघाल्यापासून गावातल्या बायका कोयता घेऊन ऊस तोडायला गेल्या नव्हत्या. पोरं शाळेत बसत होती. या साली ऊसतोडीच्या मुकादमाची जीप पुन्हा पारापाशी येऊन थांबू लागली होती. मुकादम खाली उतरून कुणाला काही म्हणत नसे. नुसता पान खात बसायचा. त्यालाही ठाऊक होतं, कॅन परत येतायत.

परत आलेल्या दुधाचं करायचं काय? आटवून खवा केला, पोरांना पाजलं. गावात एक दिवस असा गेला, की घरोघरी निव्वळ दुधाचा चहा झाला, कारण पाण्याचा करायला पाणी नव्हतं. म्हातारे म्हणाले, निजामाच्या सुभेदारानंबी असला चहा पिला नसंल. हसले खरे, पण त्या हसण्यात दम नव्हता.

गंगासागर मात्र दुपारी शाळेच्या रिकाम्या वर्गात नीलाबाईंकडे जायची ती जातच राहिली. ऑक्टोबरात गणिताची परीक्षा पुन्हा होती. नीलाबाई बीडच्या, एकट्याच गावात खोली घेऊन राहायच्या. शिकवायला बसल्या की चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मग तो शोधत बसायच्या.

“मिश्रणाची उदाहरणं सोडून तुला पास होता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “बरं, पाणी राहू दे. दुसरं काही घेऊ. तुझ्या आईनं कधी दोन पिठं एकत्र केली होती?”

गंगासागरला एकदम बहात्तर साल आठवलं. ती तेव्हा लहान होती. सिरसाळ्याला रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेहून आलेलं धान्य. तिची भाकरी थापली की काठ चिरायचे, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. आईनं कणगीच्या तळातली थोडी ज्वारी जपून ठेवली होती. रोज दळताना मिलोत त्यातल्या मुठी घालायची. एवढ्या घातल्या की भाकरी चिरत नाही. एक मूठ कमी पडली की चिरते. आणि जास्त घालायची नाही, कारण ज्वारी उद्याही पुरायला हवी.

“मग तुझ्या आईला मिश्रणाचं गणित येत होतं,” नीलाबाई म्हणाल्या.

“छ्या! आईला सही येत न्हवती.”

“ते मी कुठं म्हणते? तिनं मुठी मोजल्या, चुकली असेल, चिरलेल्या भाकरी खाल्ल्या असतील, मग जमलं असेल. आपण भाकरी न चिरवता काढायचं, एवढंच. ऐक. ज्वारीत चिकटपणा जास्त, मिलोत कमी. दोन्ही एकत्र केलं तर चिकटपणा कुठं जातो?”

“कुठं जाईल? पिठातच ऱ्हातो.”

“झालं!” नीलाबाईंनी फळ्यावर खडू आपटला. “मिसळल्यानं काही हरवत नाही आणि नवं काही येत नाही. इकडचा चिकटपणा अधिक तिकडचा चिकटपणा म्हणजे सगळ्या पिठाचा चिकटपणा. जे माहीत नाही त्याला क्ष म्हण आणि हे वाक्य जसंच्या तसं आकड्यात लिही. बाकी सगळं लिहिण्यातच सुटतं.”

गंगासागर फळ्याकडे बघत राहिली. इतके दिवस क्ष म्हणजे तिला कुणी परका माणूस वाटायचा, दारात येऊन उभा राहिलेला, नाव न सांगणारा. आज पहिल्यांदा वाटलं, हा तर आईच्या मुठीतला आहे. तिनं दोन उदाहरणं सोडवली. एक चुकलं, एक बरोबर आलं. तिसरं सोडवताना तिचा हात मध्येच थांबला.

“बाई, चिलिंगच्या भिंतीवर एक पाटी हाय.”

“असेल. मग?”

“तिच्यावर तीन ओळी हाईत. गाय साडेतीन. म्हैस सहा. आन तिसरी, मिश्र साडेचार.” ती हळूहळू बोलत होती. “मी कायम ती तिसरी ओळ वाचायची आन मनात म्हणायची, ही लबाड गावांसाठी असंल.”

नीलाबाईंनी चष्मा शोधला. तो कपाळावर होता. तो खाली ओढून त्यांनी खडू गंगासागरच्या हातात दिला आणि स्वतः पोरांच्या बाकावर जाऊन बसल्या.

गंगासागरनं लिहिलं. गाईचं दूध ऐंशी लिटर, फॅट ३.३. म्हशीच्या दुधाची फॅट ६.९. म्हशीचं दूध क्ष लिटर.

“आधी अंदाजानं करू का? निम्मं-निम्मं?” तिनं विचारलं.

“करून बघ.”

निम्मं-निम्मं केलं तर फॅट आली ५.१. साडेचारापेक्षा कितीतरी वर. ती खूश झाली; आणि लगेच उतरली. निम्मं-निम्मं म्हणजे म्हशीच्या चाळीसात गाईचं चाळीसच. उरलेला गाईचा एक कॅन पुन्हा माघारी. दोनच कॅन पास. गाडी बंदच.

“ही भाकरी लई चिकट झाली,” ती पुटपुटली. “ज्वारी उगं जास्त गेली.”

मग तिनं ते वाक्य आकड्यात लिहिलं. गाईतलं लोणी अधिक म्हशीतलं लोणी बरोबर सगळ्यातलं लोणी.

३.३ × ८० + ६.९ क्ष = ४.५ (८० + क्ष)

२६४ + ६.९ क्ष = ३६० + ४.५ क्ष

२.४ क्ष = ९६

खडू थांबला. शहाण्णवाला दोन पॉइंट चारनं भागायचं होतं. तिला वाटलं, आपल्याला उत्तर ठाऊक आहे आणि ते खरं निघालं नाही तर आपण इथंच रडू.

क्ष = ४०

“चाळीस!” ती ओरडली. “बाई, एक कॅन! आपल्याकडं हाय तेवढंच! दोन कॅन गाय, एक कॅन म्हैस!”

“ताळा कर,” नीलाबाई म्हणाल्या. ताळा आला: एकशेवीस लिटर, साडेचार.

आकडे जुळले. माणसं जुळायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बायका देवळाच्या ओट्यावर जमल्या. गंगासागरनं खडूनं फरशीवर सगळं मांडून दाखवलं. कुणाला कळलं, कुणाला नाही. पण ‘मिसळायचं’ हा शब्द मात्र सगळ्यांना कळला, आणि ओट्यावर कुजबुज पसरली.

रुक्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांची म्हैस गावात सगळ्यात जास्त दूध द्यायची आणि त्यांचा मान म्हशीहून मोठा होता. नंदी रोज पहाटे त्याच पुसायच्या.

“कावून मिसळायचं?” त्या म्हणाल्या. “सगळ्या तालुक्यानं पाणी घातलं, आपुन न्हाई घातलं. चार गावाच्या बायका मला पाव्हण्यात म्हणत्यात, बेलवाडीचं दूध म्हंजी देवाचं दूध. आन आता ही कालची पोर खडू घेऊन सांगती, मिसळा म्हणून? जी दोनदा गणितात नापास झाली?”

“एकदाच, आत्या,” गंगासागर म्हणाली.

“व्हशील आणखी एकदा!”

सगळ्या हसल्या. गंगासागरही हसली, पण तिचे कान तापले. खरं तर रुक्मिणीबाईंचा राग तिला परका नव्हताच. मार्चमध्ये पेपरवर जे लिहिलं ते याच रागानं लिहिलं होतं.

“आत्या, माझंबी तेच म्हणणं होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर नापास झाले. पण पाणी घातलं तर लोणी कमी होतं आन घेणारा फसतो. इथं कोण फसतंय? गाईचं लोणी तेवढंच, म्हशीचं तेवढंच. थेंब कमी न्हाई, थेंब जास्त न्हाई. प्रत्येकीची फॅट मी आधी वेगळी काढून लिहिणार, मगच एकत्र. ज्याचं त्याला.”

“आन शपथ?”

 शपथ गणितात येत नव्हती. तिनं चंद्रभागाबाईंकडे बघितलं. चंद्रभागाबाई खाली बघत होत्या. शपथ त्यांनीच घालून दिलेली. ती कशी सोडवायची त्यांनाही सुचत नव्हतं. पारापाशी मुकादमाची जीप उभी होती, तिचा टप ओट्यावरून दिसत होता.

रुक्मिणीबाईंनीही तो बघितला. त्यांची सून मागच्या ओळीत बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. संस्था निघायच्या आदल्या साली ही सून पोटुशी असताना ऊसतोडीला गेली होती; ते पहिलं लेकरू फडावरच्या कोपीतच गेलं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. रुक्मिणीबाई वळल्या. मग चपला नसलेल्या पायांनी गाभाऱ्यात गेल्या. आत घंटा वाजली. बाहेर आल्या तेव्हा चेहरा तसाच करडा होता.

“गंगे, सोमवारी मी देवाला पंचामृत करते. दूध, दही, तूप, मध, साखर. मिसळूनच करते न्हवं?”

“व्हय आत्या.”

“त्याला कुणी भेसळ म्हणलंय का आजवर? न्हाई म्हणलं. कावून? तर सगळ्यांच्या डोळ्यासमोर घालते आन काय काय घातलं ते तोंडानं सांगते. चोरून घातलेला मधबी भेसळच की.” त्यांनी पदर खोचला. “मिसळायचं तर इथं मिसळायचं. या ओट्यावर. नंदीसमोर. आन कॅनवर खडूनं लिहायचं मिश्र म्हणून, ह्या एवढाल्या अक्षरात. लपवायचं न्हाई.”

चंद्रभागाबाई ताडकन उठल्या. त्यांनी नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या बांधापलीकडच्या आवाजात म्हणाल्या, “महादेवा, उद्या सकाळी आमी गाईच्या दुधात म्हशीचं दूध घालणार हाओत. तुझ्यासमोर घालणार, सांगून घालणार. पाण्याचा थेंब न्हाई. आन तसंबी पाणी तूच दिलं न्हाईस!”

सकाळी सगळं गाव ओट्याभोवती. गंगासागरनं एकेकीची फॅट काढून लिहिली. गाय तीन पॉइंट तीन, म्हैस सहा पॉइंट नऊ, कालच्यासारखीच. गाईचं दूध ऐंशी लिटर जमलं. म्हशीचं येत होतं. सगळ्यात शेवटी रुक्मिणीबाई आल्या, आणि त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

“लाथ मारली मेलीनं,” त्या म्हणाल्या. “आजवर कधी पाय हलवला न्हाई, आन आज चरवी उडवली. दोन लिटर सांडलं.”

“म्हशीला मिसळणं पटलं न्हाई वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं.

कुणी हसलं नाही. म्हशीचं अडतीसच भरलं. चाळीस हवं होतं. गाडीचा भोंगा खालच्या वळणावर वाजला.

“आता गं?” चंद्रभागाबाईंनी विचारलं. “घालून बघायचं का तसंच? दोन लिटरनं काय फरक पडतोय?”

दोन दिवसांपूर्वीची गंगासागर असती तर म्हणाली असती, बघू घालून. पण आईच्या हातून एक मूठ कमी पडली की भाकरी चिरायची, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. “न्हाई मावशी. थांबा.” ती फरशीवर बसली. कालचं गणित अजून तिथंच होतं, पायांनी अर्धं पुसलेलं. काल म्हशीचं दूध क्ष होतं. आज म्हशीचं ठाऊक होतं: अडतीस. मग आज न कळलेलं काय? गाईचं किती घ्यायचं, ते.

क्षला तिनं गाईच्या दारात नेऊन बांधलं.

३.३ क्ष + ६.९ × ३८ = ४.५ (क्ष + ३८)

भोंगा आणखी जवळ वाजला. पोरं गाडीकडे पळाली. तिनं मान वर केली नाही. दोन पॉइंट चार गुणिले अडतीस; ९१.२. इकडं १.२ क्ष. भागलं.

“शहात्तर,” ती म्हणाली. “गाईचं शहात्तरच घालायचं. चार लिटर बाजूला काढा. न्हाई, पाच काढा. काठावर नको.”

“पाच लिटरच्या पायी तीन कॅन व्हायचे न्हाईत का?” रुक्मिणीबाईंनी घाबरून विचारलं.

“व्हत्यात आत्या! तिसरा काठोकाठ भरणार न्हाई, पण तीनच!”

मोठ्या पातेल्यात ते एकत्र झालं, रवीनं हलवलं, महादेवाला एक पळी दाखवली आणि तीन कॅन भरले. रुक्मिणीबाईंनी स्वतः खडू मागून घेतला. लिहिता येत नव्हतं, म्हणून गंगासागरनं हात धरला, आणि तिन्ही कॅनवर ढोबळ अक्षरं उमटली: मिश्र.

गाडीवाला म्हाळू कॅन उचलता उचलता थबकला. “हे काय ओ? बेलवाडीनं मिसळलं?”

“मिसळलं,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “आन आमीबी संगं येणार. चल, सरक.”

चिलिंगला गाडी लागली तेव्हा दूधवाल्यांची रांग होती. तिन्ही कॅन धक्क्यावर उतरले आणि त्यावरची अक्षरं वाचून रांगेतला आवाज हळूहळू बंद झाला. रामकिसन बाहेर आला. त्यानं कॅन बघितले, मग चंद्रभागाबाई आणि गंगासागर, दोघींकडे बघितलं.

“काय घातलंत बाई?”

“म्हैस घातली,” गंगासागर म्हणाली.

रामकिसनच्या मिशीखाली काहीतरी हललं. आधी काचेचा काटा सोडला: पाणी नव्हतं. मग नमुना नळीत घेतला, औषध घातलं, बूच लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवायला लागला. ते यंत्र गंगासागरनं रोज फिरवलेलं. त्याचा घर्रघर्र आवाज तिच्या हाडात बसलेला. पण दुसऱ्याच्या हातून फिरताना ते इतकं हळू फिरतं हे तिला माहीत नव्हतं. चंद्रभागाबाईंनी तिचं मनगट धरलं होतं.

रामकिसननं नळी उजेडाकडे धरली. डोळा बारीक केला. नळीतला पिवळा पट्टा कुठवर येतो ते बघितलं. पुन्हा बघितलं.

“साडेचार,” तो म्हणाला. “किंचित वरच. मिश्र, पास. तिन्ही कॅन घ्या आत!”

चंद्रभागाबाईंनी अशी आरोळी ठोकली, की धक्क्यावरची कावळ्यांची रांग उडाली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या दूधवाल्यानं डोक्यावरचा पटका काढून हवेत फिरवला. त्याला काय झालं ते नीट ठाऊकही नव्हतं.

“साहेब,” गंगासागरनं विचारलं, “ही मिश्राची वाट तुमाला ठाऊक असंल की. मग आमाला कावून न्हाई सांगितली?”

रामकिसननं पेन काढून खिशात पुन्हा नीट लावलं. “चार गावांना सांगितली. कुणी अंदाजानं घालून आणलं आणि नापास झालं, कुणी निम्मं-निम्मं केलं. पण बेलवाडीला सांगायची माझी छाती झाली नाही. नंदीची शपथ सगळ्या रस्त्याला माहीत आहे बाई. चंद्रभागाबाईंना मी ‘मिसळा’ म्हटलं असतं, तर त्यांनी मला या कॅनमध्ये घातलं असतं.”

“घातलं असतंच,” चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि तिघंही पोट धरधरून हसली.

मग त्यानं विचारलं की प्रमाण कसं काढलं, आणि गंगासागरनं धक्क्याच्या फरशीवर खडूनं मांडून दाखवलं: कालचं, आणि सकाळचं म्हशीनं लाथ मारल्यानंतरचं. रांगेतल्या बायका वाकून बघत होत्या. पलीकडच्या गावची एक म्हणाली, “आमची गाय तीन पॉइंट चारची हाय, आमचं काढून दे की गं.” तिचं काढून दिलं. मग आणखी एकीचं. त्या दिवशी बेलवाडीची गाडी परत निघायला उशीर झाला आणि म्हाळू पहिल्यांदाच कुणावर खेकसला नाही.

रिकाम्या कॅनांचा खणखणाट माळावरून आधी गावात पोचला, मग गाडी. परत आलेले भरलेले कॅन मुके असतात. वाजतात ते रिकामे. बेलवाडीला तो फरक ऐकूनच कळला. बायका धावत खाली आल्या. रुक्मिणीबाईंनी बाजूला काढलेल्या पाच लिटरची शेवयांची खीर करून ठेवली होती.

“आन नापास झालो असतो तर?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“तर म्हशीला खाऊ घातली असती,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पहिली वाटी गंगासागरच्या हातात ठेवली. “खा. दोनदा नापास म्हणलं व्हतं, ते माघारी घेते. एकदाच.”

मुकादमानं आणखी दोन-चार दिवस पारापाशी पान खाल्लं. मग त्याची जीप दुसऱ्या गावाला लागली.

ऑक्टोबरात गंगासागर परीक्षेला बीडला गेली ती म्हाळूच्या दुधाच्या गाडीतच, तीन भरलेल्या कॅनांच्या शेजारी बसून मांजरसुंब्यापर्यंत, आणि पुढं एस.टी.नं. पेपर हातात आला. तिसऱ्या पानावर तो बसला होताच: ‘एका गवळ्याकडे ४० लिटर मिश्रण असून त्यात १० टक्के पाणी आहे. त्यात आणखी किती पाणी मिसळावे म्हणजे मिश्रणात पाण्याचे प्रमाण २० टक्के होईल?’

तिनं वाचलं. जरा वेळ त्या गवळ्याकडे रोखून बघितलं. मग लिहायला लागली. आधी पाणी चार लिटर. घालायचं क्ष. इकडचं अधिक तिकडचं बरोबर सगळ्यातलं.

४ + क्ष = ०.२ (४० + क्ष)

०.८ क्ष = ४

क्ष = ५. ताळा केला: पंचेचाळीसात नऊ. बरोबर वीस टक्के. तिनं उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

पेपर मिटता मिटता तिचा हात थांबला. पेन पुन्हा उघडलं, त्या दोन रेघांच्या खाली, तपासणाऱ्याला वाचता येईल अशा स्वच्छ अक्षरात तिनं एक ओळ लिहिली, आणि मग ताठ मानेनं पेपर देऊन बाहेर आली:

‘उत्तर बरोबर आहे, पण हा गवळी आमच्या संस्थेचा नाही.’